व्हिडिओत न मावलेली १७ वर्षं

ताई, नमस्कार.

माझं वय ३९. राज्यशास्त्रात एमए, सेट (प्राध्यापकीची राज्य पात्रता परीक्षा) पास. ११ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवते. सध्या दोन कॉलेजं धरली आहेत, एक गावातलं, दुसरं एसटीने सव्वा तासावर. मुलगा दहावीत, मुलगी सहावीत. पीएचडीच्या नोंदणीला साडेसहा वर्षं झाली. विषय आहे लायबेरियातल्या शांतिमोहिमेत गेलेली भारतीय महिला पोलीस तुकडी. तीन प्रकरणं लिहून झाली. चौथं मुलाखतींवर अडलंय, कारण परवानगीची पत्रं कुठे फिरताहेत देव जाणे.

मला परराष्ट्र सेवेत जायचं होतं. २२व्या वर्षी लग्न झालं आणि फॉर्म भरायचा राहिलाच. कोणी अडवलं असं नाही, पण कोणी ‘भर’ असंही म्हटलं नाही. आता वर्गात परराष्ट्र धोरण शिकवताना कधीकधी वाटतं, जे आपल्याला करता आलं नाही तेच आपण तासावर विकतोय.

मागच्या महिन्यात नणंदेने मॅडेलिन ऑलब्राइट यांच्यावरचा एक व्हिडिओ पाठवला. तीन मुलींची आई, ४५व्या वर्षी प्राध्यापक, ५९व्या वर्षी अमेरिकेची परराष्ट्रमंत्री. दोन दिवस हवेत होते. तिसऱ्या दिवशी होते त्याच्याही खाली आले. मिस्टर म्हणतात, “पीएचडी कर, माझी ना नाही, पण त्यानंतर काय ते तरी सांग.” ते मलाच माहीत नाही. दोन्ही कॉलेजं सोडून वर्षभर प्रबंधच लिहावा का? आणि खरं सांगा, असं उशिरा काही होतं का, की ते फक्त तिकडे होतं?

— एक तासिकावाली

*

प्रिय तासिकावाली,

कडू औषध आधी देते. लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा खुल्या गटाला ३२व्या वर्षापर्यंत देता येते, ओबीसींना ३५, अनुसूचित जाती-जमातींना ३७. परराष्ट्र सेवेचा तो दरवाजा तुमच्यासाठी बंद झाला आहे आणि कुठल्याही व्हिडिओने तो किलकिला होणार नाही. हे तुम्हाला माहीत आहेच. तरी कोणीतरी लिहून दिलेलं बरं असतं, नाहीतर माणूस बंद दाराची कडी वाजवत बसतो आणि हातातलं काम तसंच राहतं.

आता ऑलब्राइटबाई. मी ३१ वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. त्यातली निदान १० वर्षं या बाई माझ्या अभ्यासक्रमात होत्या, त्यामुळे त्यांच्याशी माझी ओळख व्हिडिओपेक्षा जुनी आहे. नणंदेच्या व्हिडिओने सांगितलेले आकडे बरोबर आहेत. जन्म १९३७चा, जॉर्जटाउन विद्यापीठात प्राध्यापक १९८२ साली, परराष्ट्रमंत्रिपदाची शपथ २३ जानेवारी १९९७ला. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री, आणि सिनेटने त्यांना ९९ विरुद्ध ० मतांनी मान्यता दिली. पण मधलं काही सांगायला व्हिडिओला वेळ नसतो. वेलस्ली कॉलेजातून पदवी १९५९ची आणि कोलंबिया विद्यापीठाची पीएचडी १९७६ची. मध्ये १७ वर्षं गेली. तुमची साडेसहा झालीत.

ती १७ वर्षं कशी गेली ते सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे, ५९व्या वर्षात नाही.

पदवी मिळाल्यावर तीनच दिवसांनी त्यांचं लग्न झालं. नवरा जोसेफ ऑलब्राइट पत्रकार, आणि यांनाही पत्रकारच व्हायचं होतं. दोघं शिकागोला आले. तिथे एका जेवणाच्या वेळी नवऱ्याच्या संपादकाने विचारलं, मग तुमचा काय विचार? या म्हणाल्या, वृत्तपत्रात काम करीन. त्यावर संपादकमहाशयांनी समजावलं की नवऱ्याच्याच पेपरात काम करणं नियमात बसत नाही, आणि दुसऱ्या पेपरात जाऊन नवऱ्याशी स्पर्धा करायची तुम्हाला इच्छा नसणारच. झालं. बाई एका ज्ञानकोशाच्या कचेरीत कामाला लागल्या. तुम्ही लिहिलंय ना, कोणी अडवलं नाही पण कोणी ‘भर’ही म्हटलं नाही? तिकडे जेवणाच्या टेबलावर, हसत हसत, तेच झालं होतं.

१९६१मध्ये जुळ्या मुली झाल्या, सहा आठवडे आधी. पोरींना काचेच्या पेटीत ठेवलेलं, आईला हात लावायला मिळेना. हातावर हात ठेवून बसवेना म्हणून त्यांनी जवळच्याच एका कॉलेजात रशियन भाषेच्या झटपट वर्गाला नाव घातलं. त्या वेळी त्यामागे काही आखणी नव्हती, बाई फक्त काळजीने वेड्या व्हायच्या बेतात होत्या. पुढे तीच भाषा सोव्हिएत अभ्यासाच्या पदविकेला आणि प्रबंधाला कामी आली. प्रबंधाचा विषय होता १९६८च्या प्राग वसंतातली, म्हणजे तिथल्या कम्युनिस्ट राजवटीत थोडे महिने आलेल्या मोकळिकीतली, चेकोस्लोव्हाक पत्रकारांची भूमिका. पत्रकार होऊ दिलं नाही, तर बाईंनी पत्रकारांवर प्रबंध लिहिला. मला त्यांच्या आयुष्यातला हा तपशील मंत्रिपदापेक्षा जास्त आवडतो. (तुम्हाला राजनयात जायचं होतं आणि प्रबंध घेतलात संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर. हे तुमच्या कधी लक्षात आलं होतं का?)

नवऱ्याच्या बदल्यांपायी शिक्षण तुटत राहिलं. वॉशिंग्टनला सुरू केलेलं न्यूयॉर्कला जावं लागलं म्हणून सुटलं, तिथे कोलंबियात नव्याने सुरू केलं, मग पुन्हा वॉशिंग्टन. १९६७मध्ये तिसरी मुलगी. १९६८मध्ये एमए. पुढची आठ वर्षं प्रबंध. पहाटे साडेचारला उठून लिहायच्या म्हणे.

इथे थांबते. हे साडेचारचं प्रकरण हमखास व्हिडिओत असतं आणि तेच आपल्याकडच्या बायकांच्या मानगुटीवर बसतं. तुम्ही साडेचारला उठलात तर काय होणार? दोन डबे, पाणी आलं असेल तर पाणी, आणि पावणेसातची एसटी. ऑलब्राइटबाई साडेचारला उठल्यावर कणीक मळत नव्हत्या. घरात मदतीला बाई होती, आणि सासर होतं मेडिल-पॅटरसन, म्हणजे शिकागो आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या वृत्तपत्रांचं मालक घराणं. ‘न्यूजडे’ हे दैनिक जोसेफच्या मावशीने काढलेलं. पुढे घटस्फोट झाला तेव्हाही जॉर्जटाउनमधलं घर आणि पुरेसा पैसा हाती राहिला. बाईंनी हे कधी लपवलं नाही. तेव्हा “ते फक्त तिकडे होतं का” याचं माझं अर्धं उत्तर असं, की ते तिकडेही बहुतेक बायकांच्या बाबतीत होत नव्हतं. त्यांच्या मेहनतीला पैशाचं पाठबळ होतं. त्यांचं घड्याळ उसनं घेऊ नका.

उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी १९७६ पाहा. प्रबंध पूर्ण झाला आणि त्याच वर्षी सिनेटर एडमंड मस्की यांच्या कार्यालयात कायदेविषयक कामाची राजकारणातली पहिली पगारी नोकरी मिळाली. वय किती होतं? ३९. ती मिळाली कशी हेही सांगायला हवं. मुलींच्या शाळेच्या मंडळावर त्या निधी गोळा करायचं काम करत. तिथला हिशेबीपणा पाहून कोणीतरी त्यांना मस्कींच्या १९७२च्या अध्यक्षीय प्रचारासाठी निधी जमवायला बोलावलं, आणि तिथून ओळख झाली. आपल्याकडे शाळेच्या पालक समितीला कोणी कर्तृत्वात धरत नाही. दोन वर्षांनी त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या कार्यालयात गेल्या, कारण तिथे अध्यक्ष कार्टर यांचे सुरक्षा सल्लागार होते ब्रझिन्स्की, ज्यांच्या वर्गात त्या कोलंबियाला बसल्या होत्या. गुरूने बोलावलं. पण गुरूने बोलावलं तेव्हा हातात पदवी होती. पदवी अर्धवट असती तर ब्रझिन्स्कींना त्यांची आठवण आलीही असती, नेमणूक झाली नसती.

मग १९८२. जानेवारीत नवऱ्याने सांगितलं की आपलं दुसरीवर प्रेम आहे, मी निघतो. २३ वर्षांचा संसार. त्याच वर्षी जॉर्जटाउनची नोकरी आली. आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्याने मला खरं तर लिहायला बसवलं, तिकडे येते. “जे आपल्याला करता आलं नाही तेच आपण तासावर विकतोय.”

असं वाटण्याचा हक्क तुम्हाला आहे. तासिकेचे पैसे वेळेवर येत नाहीत, उन्हाळ्याच्या सुट्टीत तर येतच नाहीत, स्टाफरूममध्ये कपाट मिळत नाही. अशा जागी बसून ‘अध्यापन हे व्रत आहे’ वगैरे ऐकवणाऱ्यांचा मलाही राग येतो. म्हणून व्रताबद्दल काही बोलत नाही. एका माणसाबद्दल सांगते.

ऑलब्राइटबाईंचे वडील जोसेफ कॉर्बेल. चेकोस्लोव्हाकियाचे मुत्सद्दी. १९३९मध्ये नाझी प्रागमध्ये शिरले तेव्हा बायको आणि दोन वर्षांची मुलगी घेऊन निसटले, युद्धाची वर्षं लंडनला काढली. परत आल्यावर युगोस्लाव्हियात राजदूत झाले. मुलगी दहा वर्षांची असताना तिला स्वित्झर्लंडला शाळेत धाडलं, फ्रेंच येत नसताना. १९४८मध्ये देशात कम्युनिस्टांनी सत्ता घेतली आणि दुसऱ्यांदा देश सुटला. त्या वर्षी ते संयुक्त राष्ट्रांच्या भारत-पाकिस्तान आयोगावर होते. काश्मीरचा तोच आयोग, ज्याचा १३ ऑगस्ट १९४८चा ठराव तुम्ही टीवायच्या मुलांना शिकवता. त्या आयोगावर भारताने सुचवलेला देश होता चेकोस्लोव्हाकिया, पाकिस्तानने सुचवलेला अर्जेंटिना. म्हणजे आपल्या बाजूने सुचवलेल्या खुर्चीवर बसलेला माणूस कराची आणि दिल्लीच्या वाऱ्या करत होता आणि मागे त्याचा स्वतःचा देश हातातून जात होता. त्यांचं काश्मीरवरचं पुस्तक १९५४मध्ये आलं. त्यातलं सगळं मला पटत नाही, पण एमएला असताना ते वाचल्याशिवाय सुटका नव्हती.

अमेरिकेत आश्रय मिळाला आणि राजदूतसाहेब डेन्व्हर विद्यापीठात मास्तर झाले. उपनगरात छोटं घर, बोलण्यात परका हेल. राजनयात परत जायची वाट कायमची बंद. तुमचं निदान वय आड आलं, त्यांचा देशच आड आला. शिकवायला लागले ते शेवटपर्यंत, १९७७मध्ये जाईपर्यंत. त्यांच्या वर्गात एक कृष्णवर्णीय मुलगी येऊन बसली. ती विद्यापीठात पियानो शिकायला आली होती, पण त्यात आपलं काही खरं नाही असं वाटून सैरभैर झाली होती. कॉर्बेल यांच्या वर्गात स्टालिन ऐकला आणि तिने विषय बदलला. तिचं नाव कोंडोलिझा राइस. २००५मध्ये ती परराष्ट्रमंत्री झाली. अमेरिकेच्या पहिल्या दोन स्त्री परराष्ट्रमंत्र्यांपैकी एक त्या मास्तरांची मुलगी आणि दुसरी विद्यार्थिनी, आणि दोन वेगळ्या पक्षांच्या. मास्तरांना यातलं काहीही बघायला मिळालं नाही.

मी हे सांत्वन म्हणून सांगत नाही. “तुमची विद्यार्थिनी मंत्री होईल” असं म्हणणं म्हणजे तुमची तासिका फुकट घेण्यासारखं आहे. मला इतकंच दाखवायचंय की कॉर्बेल यांनी वर्गात बसून राजनय विकला नाही, तो केला. ठराव कसे शिजतात, माणूस वाटाघाटीत कुठे खोटं बोलतो, हे त्यांना ठाऊक होतं आणि ते त्यांनी समोरच्या विशीतल्या पोरांपुढे मांडलं. मुलीनेही जॉर्जटाउनला हेच केलं. त्यांचा वर्ग नाटकासारखा चाले. एक काल्पनिक पेचप्रसंग द्यायचा, मुलांना अध्यक्ष, संरक्षणमंत्री, सेनाप्रमुख, राजदूत अशा भूमिका द्यायच्या आणि निर्णय घ्यायला लावायचा. परराष्ट्र धोरणाच्या पेटीत हत्यारं मोजकीच असतात, बोलणी, व्यापार आणि निर्बंध, बळाची धमकी, प्रत्यक्ष बळ. त्यातलं कुठलं कधी काढायचं, एवढाच तो अभ्यासक्रम. परराष्ट्र सेवेत स्त्रियांना आणण्यासाठीचा एक कार्यक्रमही त्या चालवत. वर्गात हात वर करायला बंदी होती. कारण त्यांनी पाहिलं होतं की मुली हात वर करून नंबरची वाट बघतात आणि मुलगे बोलून मोकळे होतात. तेव्हा बोलायचं असेल तर मध्येच तोंड घाला. वर्गाचं प्राणिसंग्रहालय झालं असं त्या सांगत, पण नियम बदलला नाही. मंत्रिपद संपल्यावर त्या पुन्हा त्याच विद्यापीठात शिकवायला गेल्या, आणि मार्च २०२२मध्ये, ८४व्या वर्षी, कर्करोगाने गेल्या तोवर त्या विद्यापीठाच्या प्राध्यापकच होत्या. मंत्रिपद चार वर्षांचं. शिकवणं त्याच्या कितीतरी पट.

ही हात वर न करण्याची युक्ती मी उचलली होती. २००० सालच्या आसपास, तालुक्याच्या कॉलेजात, मराठी माध्यमात, संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद वर्गात भरवली. विषय कोसोव्हो, तेव्हाच्या युगोस्लाव्हियातला प्रांत. नाटोने आदल्या वर्षी परिषदेला न विचारताच ७८ दिवस बॉम्ब टाकले होते, तेव्हा मसाला भरपूर. वर्षभर एक शब्द न बोललेल्या मुलीला मी चीन दिला, बिचारीला फार बोलावं लागणार नाही म्हणून. तिने पहिल्याच ठरावाला नकाराधिकार वापरला. अमेरिका झालेल्या मुलाने कारण विचारलं. ती म्हणाली, “सांगायला मी बांधील नाही.” आणि बसली. पुस्तकातलं नकाराधिकाराचं पान मी पुन्हा कधी वाचून दाखवलं नाही. हा तास तुम्ही घ्या. परवानगी लागत नाही, खर्च नाही, पंधरा खुर्च्या लागतात.

बाईंची स्वतःची सुरक्षा परिषदेतली सुरुवात या मुलीसारखीच होती. १९९३मध्ये क्लिंटन यांनी त्यांना संयुक्त राष्ट्रांत राजदूत म्हणून पाठवलं. टेबलाभोवती १५ जण, त्यात स्त्री एकटी. पहिल्या बैठकीत त्यांना वाटलं, आज गप्प बसावं, माणसं कशी आहेत बघावं, आपण त्यांना आवडतो का ते कळू द्यावं. मग समोरच्या पाटीवर नजर गेली, ‘युनायटेड स्टेट्स’. ती पाटी गप्प बसली तर अमेरिका गप्प बसते. बोलल्या. तेव्हा १८०हून अधिक सदस्य देशांत स्त्री राजदूत सगळ्या मिळून सात. त्यांनी बाकीच्या सहाजणींना जेवायला बोलावलं आणि श्रीमंत देशांच्या गटाच्या चालीवर आपल्या गटाला नाव दिलं ‘जी-७’.

त्यांना देव्हाऱ्यात मात्र बसवू नका. १९९६मध्ये दूरचित्रवाणीवर मुलाखतकार बाईने विचारलं, इराकवरच्या निर्बंधांनी पाच लाख मुलं मेली म्हणतात, ही किंमत योग्य आहे का? त्या म्हणाल्या, आम्हाला वाटतं, योग्य आहे. तो आकडा पुढे वादग्रस्त ठरला, त्यांनीही त्या उत्तराबद्दल नंतर स्वतःला दोष दिला, पण बोललेलं गेलं ते गेलं. प्रश्नातला आकडा न खोडता उत्तर दिलं की आकडा आपल्या अंगाला चिकटतो, हे शिकवायला मी ती मुलाखत वापरत असे. आणि रवांडा. तो तर तुमच्या प्रबंधाच्या शेजारचाच विषय. २१ एप्रिल १९९४ला, तिथे कत्तल चालू असताना, सुरक्षा परिषदेने शांतिसेना वाढवायची सोडून २७० माणसांवर आणली. बाईंना वॉशिंग्टनची सूचना सगळी सेना काढून घेण्याची होती. त्यांनी फोनवर भांडून निदान थोडी माणसं राहू देण्याची मुभा मिळवली. ही त्यांची बाजू. पण ठरावाला हात त्यांनीही वर केलाच. आणखी काही करायला हवं होतं, ही सर्वांत मोठी खंत म्हणून त्यांनी पुढे लिहिली. राजदूताला सूचना असते आणि सूचनेपलीकडे त्याला स्वतःचं मत नसतं. तुम्हाला मत आहे आणि ते छापता येतं. राजनयात न गेल्याने हे एक वाचलं, हे मी थट्टेने म्हणत नाही.

आपल्याकडचंही एक सांगते, कारण २२व्या वर्षी फॉर्म भरला असता तर सगळं सुरळीत झालं असतं असं तुम्ही मनात धरलेलं दिसतं. सी. बी. मुथम्मा १९४९मध्ये परराष्ट्र सेवेत गेलेल्या पहिल्या स्त्री, कोडगूच्या. लग्न केलं तर राजीनामा देईन, असं सुरुवातीलाच लिहून द्यावं लागलं. सेवेच्या नियमांतच होतं की स्त्री अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची, आणि लग्नानंतर संसारामुळे कामात अडचण येते असं सरकारला वाटलं तर तिला जायला सांगता येईल. पुरुषांच्या संसाराने कामात अडचण येत नसावी. बढती डावलली गेल्यावर त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सरकारला जे सुनावलं ते मुळातून वाचा, निकाल छोटा आहे. आणि हंसा मेहता विसरू नका: मुंबईच्या एसएनडीटीच्या कुलगुरू, पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणारे शब्द होते, तिथे ‘सर्व माणसं’ आणायला लावणाऱ्या त्या. त्या लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन तिथे गेल्या नव्हत्या.

आता कामाचं बोलू.

दोन्ही कॉलेजं सोडू नका. एसटीवालं सोडा, तेही या सत्राच्या शेवटी. जाऊन-येऊन अडीच तास, शिवाय थांब्यावर जाणारा वेळ. हे तास तुम्हाला कोणाकडून मागायचे नाहीत, ते तुमचेच आहेत. गावातलं कॉलेज ठेवा, कारण वर्षभर पूर्ण घरी बसलेल्या बाईचा वेळ आपल्या घरांमध्ये सार्वजनिक मालमत्ता होतो. गॅसवाला, पाहुणे, दहावीचं वर्ष, सगळं तुमच्या वाट्याला येईल आणि प्रबंध कपाटावर जाईल. हे मी पाहिलेलं आहे. एका घरात तर मीच ती बाई होते.

मुदतीकडे आजच बघा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांत पीएचडीला सहा वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि स्त्रियांना त्यावर दोनची सवलत, एकूण दहाच्या वर नाही. तुमची नोंदणी त्याआधीची, म्हणजे जुने नियम लागू असतील तर मुदत कमी भरेल. विद्यापीठाच्या पीएचडी विभागात जाऊन लेखी विचारा, लेखीच उत्तर घ्या, आणि मुदतवाढीचा अर्ज गाईडच्या सहीने आधी टाका. खिडकीवरचा माणूस “होऊन जाईल मॅडम” म्हणाला म्हणून परतू नका.

चौथं प्रकरण मुलाखतींवर अडलंय, तर मुलाखतींशिवाय ते उभं राहतं का पाहा. २००७मध्ये तुकडी गेली, २०१६मध्ये परतली. नऊ वर्षांचे महासचिवांचे लायबेरियावरचे अहवाल संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, सुरक्षा परिषदेचे ठराव आहेत, त्या काळातल्या मोनरोव्हियाच्या बातम्या आहेत. सेवेत असलेल्यांना बोलायला परवानगी लागते, निवृत्त झालेल्यांशी बोलणं पुष्कळ सोपं असतं. अशा दोघी-तिघी भेटल्या तर गाईडला विचारून त्या मुलाखती परिशिष्टात घाला. परवानगीच्या पत्रांची वाट बघणं हे मुळातच लिहायची भीती झाकायचं सोयीचं पांघरूण असतं. रागावू नका, माझंही होतं.

मिस्टरांच्या प्रश्नावर खोटं उत्तर देऊ नका. “पीएचडी झाली की पर्मनंट होईन” असं चुकूनही म्हणू नका. जुलै २०२३पासून सहायक प्राध्यापकासाठी नेट किंवा सेट पुरेशी आहे, पीएचडीची सक्ती नाही. आणि आपल्याकडे भरती किती वर्षं रखडते ते मी तुम्हाला काय सांगू? पुढच्या पदांना आणि मुलाखतीतल्या गुणांना पीएचडीने वजन येतं, तेवढं खरं आहे, तेवढंच सांगा. त्यानंतर काय, तर प्रबंधाचं मराठी पुस्तक होऊ शकतं, कारण लायबेरियात गेलेल्या आपल्या या पोलीस बायकांबद्दल मराठीत वाचायला मिळतंच किती? आणि ते म्हणतात “माझी ना नाही”, तर ना नसण्याचा पुढचा टप्पा मागून घ्या. संध्याकाळी सात ते नऊ घर त्यांच्याकडे, दहावीच्या मुलासकट. ऑलब्राइटबाईंनी पगारी मदत ठेवली होती, तुमच्या घरात ती जागा रिकामी आहे.

मुदतवाढ मिळाली की कळवा. आणि सुरक्षा परिषदेचा तास घेतलात, तर चीन कोणाला दिलात तेही लिहा.

तुमची,
ताई